सिमेंटला थोपवणारा दगड

सिमेंटच्या पोत्यात जिप्सम असतं! चोपण रानात टाकतात तेच जिप्सम! हे कळल्यापासून मी स्टाफरूममध्ये, अकलूजच्या एसटीत, भाजीवालीपुढेसुद्धा हाच विषय काढते आहे आणि लोक माझ्याकडे जरा काळजीनं बघायला लागले आहेत. बघू देत. पन्नास किलोच्या प्रत्येक पोत्यामागे दीड ते अडीच किलो हा मऊसर, नखानं ओरखडा उठेल असा दगड दळून घातलेला असतो. तो नसता तर गवंड्याच्या घमेल्यातला माल भिंतीपर्यंत पोचायच्या आत दगड झाला असता. आणि हे मला आत्ता कळतंय, निम्मं आयुष्य सिमेंटच्या छपराखाली काढल्यावर!

श्रीपूरच्या माणसाला जिप्समची ओळख करून द्यावी लागत नाही. नीरा उजव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि जिथे निचरा झाला नाही तिथली रानं बिघडली. भिजलं की चिकटा, वाळलं की ढेकूळ फुटता फुटत नाही, पाणी वरच्या वर साचून राहतं. अशा रानाला कृषी खात्याचे लोक जिप्सम सांगतात. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला उठवून लावतं, सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली निघून जातं, माती मोकळी होते. माझं जिप्समचं ज्ञान इथे संपत होतं.

मग घरावर वरची खोली काढायचं ठरलं. इंजिनिअरनं दुकानदाराकडून सिमेंटचा टेस्ट रिपोर्ट मागवला आणि त्या कागदावर एक ओळ दिसली: सल्फर ट्रायऑक्साइड, कमाल साडेतीन टक्के. गंधक? सिमेंटमध्ये? आमच्या गावात गंधक म्हटलं की साखर कारखाना आठवतो. तिथे गंधक जाळून त्याचा वायू रसातून सोडतात, चुन्याच्या जोडीनं रस स्वच्छ होतो. पण सिमेंटमध्ये त्याचं काय काम? "ते जिप्सममुळं," एवढंच बोलून इंजिनिअर फोनवर दुसऱ्या साइटवाल्याशी भांडायला लागला. त्याचं भांडण लांबलं, आणि माझं हे वेड तिथून सुरू झालं.

सोलापूरजवळ होटगी, टिकेकरवाडी या बाजूला सिमेंटचे कारखाने आहेत, पण ते दळण्याचे. आपल्या पायाखाली सगळा काळा बेसाल्ट, सिमेंटला लागणारा चुनखडक इथे नाही. तो पलीकडे कलबुर्गीकडे, वाडी, मळखेड, सेडम या पट्ट्यात आहे. आपल्या घराघरात जी शहाबादी फरशी आहे ती त्याच भीमा खोऱ्यातल्या खडकांची. तो चुनखडक आणि माती सुमारे साडेचौदाशे अंश सेल्सिअसला भाजली की करड्या-काळ्या गाठी तयार होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. मला वाटायचं, क्लिंकर दळलं की झालं सिमेंट. नाही! नुसतं क्लिंकर दळून त्यात पाणी घातलं तर ते काही मिनिटांत तापतं, ताठरतं आणि मग कितीही कालवा, पुन्हा हलत नाही. गवंडी थापी उचलेपर्यंत खेळ खलास.

हा उतावीळपणा करणारा घटक क्लिंकरमध्ये थोडाच असतो, बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या आत. नाव भारदस्त आहे: ट्रायकॅल्शियम अल्युमिनेट. सिमेंटची खरी ताकद कॅल्शियमच्या सिलिकेटांमधून येते. ती सावकाश, दिवसेंदिवस, महिनेन् महिने येत राहते. पण पाणी पडताच आधी धावतं ते हे अल्युमिनेट. लग्नाच्या पहिल्या पंगतीत घुसून, पानं अडवून, वर वाढप्यालाच उभं राहायला जागा न ठेवणारा एखादा पाहुणा असतो ना, तसं. त्याचे पापुद्र्यासारखे स्फटिक सगळीकडे आडवेतिडवे माजतात, माल आवळतो, आणि सिलिकेटांना नीट काम करायला वावच मिळत नाही.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट आणि त्याला जोडलेले पाण्याचे दोन रेणू. ते पाण्यात अगदी थोडं विरघळतं, लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम. पण तेवढं पुरतं. विरघळलेलं सल्फेट अल्युमिनेटला गाठतं, आणि पापुद्र्यांऐवजी त्याच्या कणांवर एट्रिंगाइट नावाच्या खनिजाच्या बारीक सुया उगवतात. कणाभोवतीचा खेळ बदलतो, अल्युमिनेटचा वेग एकदम पडतो, आणि माल काही तास कालवता, वाहता, थापता येईल असा राहतो. पुढे सिलिकेटांचं काम जोर धरतं. तोवर सल्फेट शिल्लक राहिलं पाहिजे. ते आधीच संपलं तर अल्युमिनेट पुन्हा उधळतं आणि ताकदीला मार बसतो. म्हणजे कारखान्यात जिप्सम मोजून टाकणारा माणूस दळताना आपल्या गवंड्याचं घड्याळ लावत असतो! मला हे वाचून उठून उभं राहावंसं वाटलं होतं. उभी राहिलेही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिरत्या भट्ट्या आल्या, क्लिंकर जास्त चांगलं भाजलं जाऊ लागलं आणि सिमेंट फारच लवकर आवळायला लागलं. त्या सुमारास जिप्सम घालण्याची पद्धत रुळली. लोक बराच काळ त्याला नुसता लगाम समजत होते. १९४६ साली अमेरिकेच्या पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या विल्यम लर्च यांनी दाखवून दिलं की प्रकरण लगामापुरतं नाही. प्रत्येक क्लिंकरला जिप्समचं एक नेमकं प्रमाण मानवतं. त्या प्रमाणाला ताकद जास्त येते आणि आकसणं कमी होतं. अल्युमिनेट जास्त किंवा दळण बारीक असेल तर जिप्सम जास्त लागतं. मात्र हात सैल सोडूनही चालत नाही, का ते पुढे सांगते. ती साडेतीन टक्क्यांची ओळ त्यासाठीच आहे.

माल केव्हा धरला हे ठरवायला सुई आहे, व्हिका नावाच्या फ्रेंच इंजिनिअरच्या नावाची. चाळीस मिलिमीटर उंच साच्यात सिमेंटचा लगदा भरायचा आणि एक मिलिमीटर जाडीची सुई अलगद सोडायची. ती तळाच्या पाचेक मिलिमीटर वर अडकायला लागली की झालं 'प्राथमिक' धरणं. आपल्या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटला याला किमान ३० मिनिटं लागलीच पाहिजेत, आणि पूर्ण धरायला ६०० मिनिटांपेक्षा जास्त लागता कामा नये. बाजारातलं सिमेंट तीस मिनिटांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ देतं. तरी दुपारच्या जेवणाआधी कालवलेला माल जेवणानंतर पाणी मारून पुन्हा जिवंत करण्याची आपल्याकडची रीत मला आता बघवत नाही. धरायला लागलेल्या मालाची जुळणी मोडायची, वर जास्तीचं पाणी द्यायचं. तो गिलावा पुढे नखानं झडतो.

इथे माझ्या मिस्त्रींनी मला गार केलं. एका कडक दुपारी कालवलेला माल पाचेक मिनिटांत आवळला. मी घाबरून पाण्याची बादली पुढे केली, तर ते म्हणाले, "पानी नगा घालू बाई. नुस्ता परत वरखाली करू द्या, सुटतुया." आणि खरंच सुटला! पाण्याचा थेंब न घालता. याला शास्त्रात खोटं धरणं म्हणतात, आणि त्याचीही कळ जिप्समच्याच हातात आहे. सिमेंटच्या चक्कीत पोलादी गोळे आणि क्लिंकर यांच्या घर्षणानं उष्णता होते. ती एकशेदहा-वीस अंशांपलीकडे गेली की जिप्सम आपलं पाणी सोडून अर्धं कोरडं होतं. पाणी मिळताच असलं कोरडं जिप्सम झपाट्यानं पुन्हा मूळ रूपात येतं आणि त्याच्या सुया मालाला तात्पुरत्या आवळतात. ती जाळी कालवून मोडली की माल पूर्ववत. थोडं कोरडं जिप्सम हवंही असतं, ते लवकर विरघळून सल्फेट वेळेवर पुरवतं. जास्त झालं की घोटाळा. म्हणून चक्कीत पाण्याचा फवारा मारून तापमान आवरतात. खरं झटपट धरणं वेगळं, त्यात माल चांगला तापतो आणि कालवून सुटत नाही. मिस्त्रींना यातला एकही शब्द माहीत नव्हता. हात लावून माल गरम नाही एवढं त्यांनी पाहिलं होतं. पुस्तकातली अख्खी कसोटी त्यांच्या तळहातात!

आता खास आमच्या गावचा भाग, जो सांगताना माझा आवाज चढतो. श्रीपूर हे साखरेचं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली तेव्हापासूनचं, आणि आज पांडुरंग सहकारी साखर कारखानाही इथलाच. आणि सिमेंटला जिप्समहून कितीतरी मोठी खीळ घालणारा पदार्थ कोणता? साखर! सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर, म्हणजे एका पोत्यात जेमतेम पंचवीस ग्रॅम, माल धरायला काही तासांचा उशीर करते. प्रमाण ०.२ ते १ टक्क्यापर्यंत गेलं तर माल जवळजवळ धरतच नाही. मिक्सरची गाडी रस्त्यात अडकली तर आतलं काँक्रीट ड्रममध्ये दगड होऊ नये म्हणून ड्रायव्हर साखर ओततात, ते यामुळेच.

मी अर्थातच करून पाहिलं. दोन डबड्यांत सारखं सिमेंट, सारखं पाणी, एकात चमचाभर साखर. दुसऱ्या दिवशी साधं सिमेंट टणक, आणि साखरेचं बोटानं दाबलं की खळगा. रात्रभर ते तसंच ओलं बसून होतं! जिप्सम अल्युमिनेटला आवरतं, साखर सिलिकेटांच्या नव्या स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखते. दोघं वेगवेगळ्या जागी पाय घालतात. तेव्हा आमच्या पंचक्रोशीत घर बांधणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती: साखरेच्या रिकाम्या पोत्यांतून वाळू वाहू नका आणि काकवीच्या बादलीत माल कालवू नका.

"मग जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ कसा चालायचा?" हे मला शेजारच्या आजोबांनी विचारलं, आणि प्रश्न बिनतोड होता. घाणीत मळलेल्या चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालत हे खरं. पण चुना सिमेंटसारखा पाण्याशी जुळून धरत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन महिनोन्‌महिने घट्ट होतो. साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो आणि माल लुसलुशीत होतो. तिथे घाई नव्हतीच, म्हणून तिथे गूळ मदतीला.

एवढं झाल्यावर आतल्या भिंतींना जिप्सम प्लास्टर करायचं मी ठरवलं, यात कुणाला नवल वाटलं नाही. पुण्या-मुंबईच्या इमारतींत ते सर्रास झालं आहे, आमच्याकडे अजून 'पीओपी' म्हटलं की छताची नक्षी आठवते. इथे जिप्समची भूमिका उलटी होते. सिमेंटमध्ये जे थोपवतं तेच भिंतीवर पंचवीस-तीस मिनिटांत स्वतः धरतं! दीडशे अंशांच्या आसपास तापवलं की जिप्सम आपलं तीन चतुर्थांश पाणी सोडतं, त्याची पांढरी पूड होते. तिला पाणी परत दिलं की ती पुन्हा दगड. पाणी काढून घेतलं की पीठ, परत दिलं की दगड, बस्स. एकवीस वर्षांच्या लाव्हाझिएनं १७६५ साली फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे आपला पहिला निबंध वाचला तो या जिप्समवरच. पूड दगड का होते ते पुढे ल शातलिएनं उलगडलं. पूड जिप्समपेक्षा जास्त विरघळते, म्हणून पाण्यात गरजेपेक्षा जास्त माल जमा होतो, आणि त्यातून जिप्समच्या सुया बाहेर पडून एकमेकींत गुंततात.

याचा एक मजेशीर पुरावा स्वयंपाकघरातच मिळाला. पीओपीत लिंबाचा रस पिळला तर धरायला भलताच वेळ लागतो, कारण सायट्रिक आम्ल सुयांची वाढ अडवतं. उलट आधीच्या घाण्याची वाळलेली पूड चिमूटभर टाकली तर ते बघता बघता धरतं, नव्या सुयांना तयार बी मिळतं. म्हणून पीओपीवाले बादली खरवडून धुतात. मला तो टापटिपीचा भाग वाटायचा!

भिंतीवर त्याचे गुण पहिल्याच आठवड्यात दिसले. सिमेंटचा गिलावा सुकताना आकसतो, केसासारख्या भेगा पडतात. जिप्सम धरताना किंचित फुगतं, त्यामुळे त्या भेगा नाहीत. वाळू चाळणं नाही, वर नीरू घोटणं नाही, आणि आठवडाभर पाणी मारणं नाही. माळशिरस तालुक्यात मे महिन्यात भिंतींवर पाणी मारायला टँकर बोलावणाऱ्यांना या शेवटच्या वाक्याची किंमत कळेल. शिवाय आग लागली तर वजनाच्या एकवीस टक्के पाणी त्या दगडात बांधलेलं असतं. ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत भिंतीमागचं तापमान शंभर अंशांच्या आसपास अडून राहतं.

पण हात आखडायच्या जागाही पक्क्या आहेत. लिटरमागे दोन ग्रॅम विरघळणारी वस्तू न्हाणीघरात, बाहेरच्या भिंतीला, गळक्या टाकीखाली चालत नाही. जिप्समला सिमेंटसारखा अल्कधर्मी गुण नाही, त्यामुळे ओल राहिली तर आतले उघडे लोखंडी खिळे गंजतात आणि तांबडे डाग वर येतात. धरायला पाणी थोडंच लागतं, शंभर ग्रॅम पुडीला एकोणीस ग्रॅमही नाही. पण कालवता यावं म्हणून त्याच्या तिप्पट-चौपट घालावं लागतं. ते जास्तीचं पाणी उडून जायला वेळ द्यावाच लागतो, नाहीतर रंगाचे फुगे येतात.

पीओपीचं नाव काढलं की आपल्याकडे गणपती आठवणारच. मूर्ती पाण्यात लवकर विरघळत नाही, हेही त्याच विद्राव्यतेचं गणित. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं त्यावर झकास तोड काढली: मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ठेवायची. खाली कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं, म्हणजे खत!

राहिली ती काळी बाजू, आणि मला तीच सगळ्यात जास्त थरारक वाटते. मिस्त्रींचा एक बिगारी पाईपभोवतीची फट भरायला सिमेंटमध्ये मूठभर पीओपी टाकायला निघाला होता. लवकर धरतं म्हणून पुष्कळजण टाकतात. धरतं खरं. पण त्या जागी ओल पोचत राहिली की सल्फेट आणि अल्युमिनेट यांची भेट पुन्हा होते, आणि पुन्हा एट्रिंगाइट तयार होतं. सुरुवातीला, माल मऊ असताना उगवलेल्या त्याच सुया निरुपद्रवी होत्या, आजूबाजूला सरकायला जागा होती. आता सगळं घट्ट झालेलं. एट्रिंगाइटच्या रेणूत पाण्याचे बत्तीस रेणू सामावलेले असतात, त्याला जागा हवी असते, आणि ती ते भिंत फोडून घेतं. १८९२ साली मिखाएलिस या जर्मन रसायनतज्ज्ञानं त्याला 'सिमेंटचा जिवाणू' म्हटलं होतं. कारखान्यात जिप्सम वाजवीपेक्षा जास्त झालं तरी हीच भीती. वाफेवर फार तापवून घट्ट केलेले काँक्रीटचे रेल्वे स्लीपर काही देशांत वर्षांनंतर तडकले, तेही यामुळेच. सत्तर अंशांवरच्या उष्णतेत सुरुवातीचं एट्रिंगाइट टिकलं नाही आणि मागाहून घट्ट काँक्रीटमध्ये नव्यानं तयार झालं.

आणि सल्फेट बाहेरूनही येतं, खारवट जमिनीतून, पायाच्या काँक्रीटमध्ये. अशा ठिकाणांसाठी सल्फेटला दाद न देणारं खास सिमेंट मिळतं. त्यात ते उतावीळ अल्युमिनेट पाच टक्क्यांच्या आतच ठेवतात. फ्लाय अॅशचं सिमेंटही चांगलं तग धरतं. आमच्या मागच्या बांधाला पांढरा फुपाटा वर येतो, तिथेच कंपाउंडची भिंत घ्यायची आहे. मी मिस्त्रींना बसवून सगळं समजावलं: फ्लाय अॅशचं सिमेंट, पाणी बेतानं, काँक्रीट ठासून भरलेलं, पायाला चांगला निचरा. कागदावर एट्रिंगाइटच्या सुयाही काढून दाखवल्या. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखूची चिमूट सोडली आणि विचारलं, "बाई, तुमची उन्हाळ्याची सुट्टी कवा संपतीया?"